मुळशीचा अंधार कुणाचा?

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते. पणत्या, आकाशकंदील आणि फटाक्यांच्या उजेडात ते विसरायला होते. पण पाऊस सरून हवा धुऊन निघालेली असते, चंद्र नसतो, थंडीतले धुके अजून दूर असते, आणि म्हणून दिवाळीच्या आसपासच्या रात्री आकाश पाहण्यासाठी वर्षातल्या उत्तम रात्रींपैकी असतात. अलीकडे पुण्या-मुंबईची काही माणसे हे हेरून या दिवसांत मुळशीची वाट धरू लागली आहेत. त्यांना धबधबा नको असतो, पोहण्याचा तलाव नको असतो. ती येतात ते रात्रीसाठी.

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे आता एकमेकांना चिकटलेली दिसतात. दुकानांच्या पाट्या, मंगल कार्यालये, गृहसंकुलांच्या जाहिराती, कारखान्यांच्या आवारातले झगझगीत दिवे. पौड मागे पडले की उजेड विरळ व्हायला लागतो. माले ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने निघाले की एका बाजूला मुळशी धरणाचे पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या वळणांवर गाडीच्या दिव्यांखेरीज काही नाही. इथल्या वाड्या-वस्त्यांवर शेतकरी कुटुंबांनी चालवलेली घरगुती निवासस्थाने आहेत. कुणी भाताच्या खाचराशेजारी दोन खोल्या वाढवल्या आहेत, कुणी माळावर तंबू ठोकले आहेत. जेवायला तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, सांगून ठेवले असेल तर गावठी कोंबडी. जेवण लवकर उरकायचे, बाहेरचे दिवे मालवायचे आणि खळ्यात सतरंज्या अंथरायच्या, असा आकाशदर्शनाच्या रात्रीचा शिरस्ता.

या व्यवसायाचे गणित मुळशीला सोयीचे आहे. इथला नेहमीचा पर्यटक पावसाळ्यात येतो. ताम्हिणीला जुलैत कोसळणारा पाऊस देशातल्या सर्वांत जोरदार पावसांपैकी असतो. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५५० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. धबधबे आटले की गर्दीही आटते आणि घरे रिकामी पडतात. आकाशदर्शनाचा हंगाम नेमका तिथे सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत चालतो. ज्या अमावास्येला घरची थोरली माणसे प्रवासाला निघू नका म्हणतात, त्याच अमावास्येच्या आसपासचे शनिवार आधी भरतात.

दिवाळीच्या रात्रीचे आकाश

मुळशी साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. आकाश पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही मोक्याची जागा. ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर तितकेच अंश, म्हणजे बऱ्यापैकी खाली असतो आणि दक्षिणेचे आकाश उघडते. आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या दिशेला आहे. लंडनहून पाहणाऱ्याला ते क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येताना दिसते. मुळशीत ते ४० अंशांच्याही वर चढते. एप्रिलच्या मध्यरात्री दक्षिणेचा डोंगर आड येत नसेल अशा माळावरून त्रिशंकूचे तारे क्षितिजापासून दहा-अकरा अंशांवर दिसतात. युरोपातल्या बहुतेकांना ते पाहायला विषुववृत्ताच्या दिशेने हजारो किलोमीटर यावे लागते.

दिवाळीत संध्याकाळी साडेसातला पूर्ण काळोख झाला की नैर्ऋत्येला धनू राशी मावळतीकडे झुकलेली असते. तिच्यापासून निघालेला आकाशगंगेचा पट्टा श्रवण, अभिजित आणि हंसाच्या ताऱ्यांमधून वर चढत थेट ईशान्येकडे जातो. शहरात वाढलेली मुले पहिल्यांदा त्याला ढग समजतात. तो ढग नाही, दूरदूरच्या असंख्य ताऱ्यांचा एकवटलेला प्रकाश आहे, असे सांगितले की ती गप्प होतात आणि मग एकदम खूप प्रश्न विचारू लागतात.

ईशान्येला तेव्हा ययातीची गोष्ट उलगडलेली असते. मराठी तारानकाशांवर शर्मिष्ठा, देवयानी, ययाती आणि वृषपर्वा हे शेजारी शेजारी आहेत. महाभारतातले एक अख्खे कुटुंब, त्यातल्या मत्सरासकट, आपल्या लोकांनी उत्तरेच्या आकाशात बसवले. देवयानीत साध्या डोळ्यांना एक पुसट धब्बा दिसतो. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. माणसाने नुसत्या डोळ्यांनी पाहावी अशी इतकी लांबची दुसरी गोष्ट क्वचितच सापडेल. पुण्याच्या गच्चीवरून ती दिसत नाही. इथे डोळे अंधाराला सरावले आणि नजर थेट न रोखता जराशी कडेने टाकली की ती उमटते.

डोळे सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. डोळ्याच्या पडद्यातले अंधारात काम करणारे द्रव्य तितक्या वेळात तयार होते आणि मोबाइलच्या एका झगमगाटाने ते पुन्हा विरते. म्हणून मोबाइल घरात ठेवायला सांगतात, आणि बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद बांधायला. हा नियम पाळायला लोकांना पहिला तास जड जातो. त्यानंतर कुणी मोबाइल आणायला आत जात नाही.

कृत्तिकांचा झुबका तोवर पूर्वेला वर आलेला असतो. कार्तिकाला नाव देणारे हे नक्षत्र दिवाळीत संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सोबत करते. दहाच्या सुमाराला मृग डोंगरामागून वर येतो, मध्यरात्रीपर्यंत व्याध चांगला तळपू लागतो आणि एकनंतर दक्षिणेला अगस्ती दिसतो. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचा हा तारा भाद्रपदाच्या सुमारास पहाटेला उगवू लागला की पाणी निवळते, अशी जुनी समजूत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाचा जोर ओसरण्याची वेळ खरोखर तीच असते.

इथल्या म्हाताऱ्या माणसांना हे आकाश ठाऊक आहे, फक्त वेगळ्या नावांनी. सप्तर्षी म्हणजे म्हातारीचे बाजले आणि ते पळवायला आलेले तीन चोर. मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे तिकांडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड, कोरकू, कोलाम अशा समाजांचे आकाशाचे ज्ञान गोळा केले, तेव्हा गोंडांकडेही खाटेची आणि चोरांची गोष्ट मिळाली. मावळातल्या धनगर, कातकरी आणि महादेव कोळी वाड्यांवर असे संकलन अजून व्हायचे आहे. आकाशदर्शनाला आलेल्या पाहुण्यांना घरच्या आजीने बाजल्याची गोष्ट सांगितली, तर ती दुर्बिणीइतकीच मोलाची ठरेल. आजी आहे तोवर ती ऐकून ठेवली पाहिजे.

उजेडाचा इतिहास

मुळशीच्या अंधाराबद्दल बोलायचे तर मुळशीने दिलेल्या उजेडापासून सुरुवात करावी लागते.

मुंबईच्या गिरण्या, ट्राम आणि वस्त्यांना वीज हवी होती. टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये, भिवपुरीला १९२२ मध्ये जलविद्युत केंद्रे उभी केली आणि तिसऱ्यासाठी मुळा नदी अडवायचे ठरवले. पूर्वेला वाहणारे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून बोगद्याने कोकणात सोडायचे आणि भिऱ्याला त्यावर वीज करायची, अशी योजना. त्यासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे उठणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी होते. तीन वर्षे लढा चालला, बायकाही तुरुंगात गेल्या, बापटांना पुढे सात वर्षांची शिक्षा झाली. लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले ते याच लढ्यातून. मोठ्या धरणाविरुद्ध उभे राहिलेले जगातले हे पहिले आंदोलन मानले जाते. लढा हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले आणि मुंबई उजळली.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यातली एक गोष्ट आजही बोचते: खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. नुकसानभरपाईचा निर्णय झाला तेव्हा जमीन कसणाऱ्याच्या हाती काय लागणार, हा प्रश्न बाजूला पडला. पाणी गेले, जमीन गेली, आणि धरणाकाठच्या वस्त्यांना स्वतःच्या घरातल्या दिव्यासाठी आणि हंड्यासाठी नंतर वर्षानुवर्षे झगडावे लागले.

दुसरी फेरी आपल्या डोळ्यांसमोर झाली. हिंजवडी आणि माण ही गावे मुळशी तालुक्यातलीच. तिथे माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान आले, तालुक्यात डोंगर कापून नवी शहरे वसवायचे बेत झाले, जमिनीचे भाव चढले आणि गुंठ्या-गुंठ्याने शेते विकली गेली. 'मुळशी पॅटर्न' हा २०१८ चा चित्रपट महाराष्ट्राने पाहिला तो याच दुखण्याचा होता. पैसे आले तसे गेले आणि जमिनीचा मालक तिच्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीचा पहारेकरी झाला.

आता तालुक्याच्या पश्चिम टोकाला एक तिसरी गोष्ट उरली आहे, जिच्यासाठी शहरातली माणसे पैसे मोजायला तयार आहेत. ती म्हणजे रात्र. तिचा सातबारा कुणाच्या नावावर नाही. म्हणूनच ती सर्वांत सहज जाऊ शकते.

अंधार मागे सरतो आहे

पुण्याला आकाशाची ओढ जुनी आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली अव्वल होती. ते निवृत्त झाल्यावर, १९१२ मध्ये, वेधशाळा बंद पडून उपकरणे कोडाईकनालला गेली. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था, आणि टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर तिची वेधशाळा. शहराच्या ऐन मध्यावर बसून आकाश पाहता येत होते, असा तो काळ.

पुढे जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेला स्वतःची दोन मीटरची दुर्बीण बसवायची होती, तेव्हा पुणे सोडून आंबेगाव तालुक्यात गिरवलीचा डोंगर गाठावा लागला. २००६ मध्ये ती सुरू झाली. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीला रात्र-रात्र आकाशदर्शन घडवून दोन पिढ्यांना तारे ओळखायला शिकवले. आता वांगणीपर्यंत इमारती पोचल्या आहेत. जिथे माणसे अंधार शोधत गेली, तिथे काही वर्षांनी उजेड पोचला. मुळशीच्या माळावर उभे राहिले की पूर्वेच्या क्षितिजावर पुण्याचा पिवळट-पांढरा घुमट स्पष्ट दिसतो. त्या बाजूचे मंद तारे तो गिळून टाकतो.

हे जगभर होते आहे. प्रकाश प्रदूषणाच्या २०१६ च्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांश माणसांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. क्रिस्टोफर कीबा आणि सहकाऱ्यांनी हौशी निरीक्षकांच्या २०११ ते २०२२ या काळातल्या ५० हजारांहून जास्त नोंदी तपासल्या. आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतो आहे, असे त्यांना आढळले. मूल जन्माला येते तेव्हा एखाद्या ठिकाणी २५० तारे दिसत असतील, तर या वेगाने ते अठरा वर्षांचे होईपर्यंत तिथे १०० उरतात.

कारण समजायला सोपे आहे. वर किंवा आडवा फेकलेला उजेड हवेतल्या रेणूंवर आणि धुळीवर आपटून सगळीकडे पसरतो. निळा प्रकाश सर्वांत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते तेही त्यामुळेच. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरेशुभ्र एलईडी आले, तेव्हा वीज वाचली, पण निळ्या छटेचा उजेड वाढला. आणि वीज स्वस्त पडते म्हणून दिव्यांची संख्या वाढली, तीही झाकण नसलेल्या दिव्यांची.

याची झळ केवळ ताऱ्यांना बसत नाही. मे संपता संपता, पहिल्या वळवाच्या सरीनंतर, मुळशी-ताम्हिणीच्या झाडांवर काजवे लखलखू लागतात. नर-मादी एकमेकांना ओळखतात ते त्या उघडझापीच्या लयीवर. शेजारी हॅलोजन पेटला की ही ओळखच बुजते. ताम्हिणीच्या जंगलाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण रात्रीचा उजेड हद्दीच्या दगडापाशी थांबत नाही.

पेंच आणि हानलेचा धडा

लडाखमधल्या हानले गावाजवळ साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तो परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तिथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे शास्त्रज्ञांनी आसपासच्या गावांतल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी दिल्या, आकाश शिकवले आणि पाहुण्यांना तारे दाखवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. पाहुणे उतरतात गावातल्याच घरांत. गाडीच्या दिव्यांपासून खिडक्यांच्या पडद्यांपर्यंतची शिस्त गावच पाळते, कारण त्यातून मिळणारा रुपया गावात राहतो.

महाराष्ट्रातच दुसरे उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्कस्काय इंटरनॅशनल' या संस्थेने अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता दिली. असा मान मिळालेले हे भारतातले पहिले ठिकाण. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलून खाली उजेड टाकणारे दिवे बसवले गेले. गावे अंधारात ढकलली गेली नाहीत. दिव्यांच्या डोक्यावर झाकण आले.

मुळशीला काय करता येईल

पहिला आक्षेप मुळशीतली कुणीही मावशी घेईल आणि तो रास्त आहे: आम्ही इतकी वर्षे अंधारात काढली, आता कुठे रस्त्यावर दिवा आला, तोही तुम्हाला ताऱ्यांसाठी काढायचा आहे का? भातशेतीच्या बांधावर घोणस असते, डोंगराकडेला बिबट्या असतो, शिकवणीहून परतणारी मुलगी असते. शहरातून आलेल्या कुणालाही तिच्या वाटेवरचा दिवा काढायचा अधिकार नाही.

पण तिच्या पायांखाली हवा असलेला उजेड आणि आकाशात वाया जाणारा उजेड एकच नाही. मुळशीच्या रात्रीला खरा धोका गावातल्या खांबापेक्षा मोठ्या विश्रामगृहांच्या फ्लडलाइटचा, झाडांना गुंडाळलेल्या माळांचा, जलाशयाकडे तोंड करून पेटवलेल्या दर्शनी दिव्यांचा आणि रात्रभर कुणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या जाहिरात फलकांचा आहे. ज्या पाहुण्याला शांतता विकली जाते, त्याच्याच खोलीबाहेर हे दिवे जळतात. त्याची किंमत शेजारच्या दोन खोल्यांच्या घराला मोजावी लागते, कारण त्याच्या खळ्यातली आकाशगंगा नाहीशी होते.

दिवाबत्ती हा ग्रामपंचायतीचा विषय आहे. त्यासाठीचा कर गावकरी भरतात, तेव्हा दिवा कसा असावा हे ठरवायचा पहिला हक्कही ग्रामसभेचा आहे. बाहेरच्या प्रत्येक दिव्याला वरून झाकण हवे. रंग पिवळसर, म्हणजे ३,००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी हवा. फ्लडलाइट आणि शोभेचे दिवे रात्री दहानंतर बंद राहावेत. एवढे तीन ठराव धरणाकाठच्या ग्रामसभांनी केले, तर पुढचे काम प्रशासनापुढे ठामपणे मांडता येईल. बांधकाम परवानगी देताना पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण पाण्याच्या, सांडपाण्याच्या अटी घालू शकते, तशी बाहेरच्या दिव्यांचीही अट घालावी. आवाजासाठी देशात २००० सालापासून नियम आहेत, उजेडासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. तो येईपर्यंत परवानगीतली एक ओळही पुष्कळ काम करेल.

दुसरे काम शिकवण्याचे. आज बहुतेक ठिकाणी दुर्बीण आणि आकाश दाखवणारा माणूस, दोन्ही शहरातून येतात. गावाला जेवणाचे आणि खोलीचे पैसे मिळतात. आरशाची साधी डॉब्सोनियन दुर्बीण एखाद्या बचत गटाला किंवा तरुण मंडळाला वर्गणीतून घेता येण्याजोगी असते. ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी ८० वर्षांचा अनुभव असलेली संस्था आणि आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका पुण्यात, तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. मुळशीतल्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना वर्षभर आकाश शिकवले, तर कामासाठी रोज हिंजवडीला जाणाऱ्यांपैकी काहींना घरच्या अंगणात काम मिळेल. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्याच्या घरी पाहुणा ठेवायला मान्यता आणि प्रोत्साहन आहे. आकाशदर्शन त्याला जोडून घेण्यात काही अडचण नाही.

आणि पाहुण्यांनाही थोडे शिकावे लागेल. मुळशीत येऊन आवाज करायचा, सकाळी प्लास्टिक टाकून निघून जायचे, ही सवय तारे पाहायला येणाऱ्यांनी मागे ठेवावी. काजव्यांच्या दिवसांत झाडांवर बॅटरी मारू नये. उतरायचे ठरवताना खोलीच्या छायाचित्रांबरोबर एक प्रश्न विचारावा: रात्री तुमच्या आवारातले दिवे बंद करता का? हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर झाकणे आपोआप बसतील, कारण व्यवसाय करणारा माणूस मागणी ओळखतो.

मुळशीने आपल्या पाण्यावर मुंबई उजळवली आणि आपल्या जमिनीवर पुण्याचा विस्तार सोसला. दोन्ही वेळा दर दुसऱ्यांनी ठरवला. अंधाराच्या बाबतीत ती चूक टाळता येण्यासारखी आहे, कारण हा सौदा अजून झालेला नाही. जमीन एकदा गेली की परत येत नाही, पण रात्र परत येऊ शकते. दिव्यावर झाकण बसवले की त्याच क्षणी तिचा तुकडा गावाच्या मालकीचा होतो. ग्रामसभेत हात वर करून घ्यायचा हा निर्णय आहे, आणि मुळशीच्या माणसांनी तो बाहेरच्यांची वाट न पाहता घ्यावा.